टेराहर्ट्झ लहरी आणि डीएनएची स्पंदने

टेराहर्ट्झ लहरींनी डीएनए 'दुरुस्त' होतो असे सांगून विकल्या जाणाऱ्या कांड्या व खडे आता रुग्ण आपल्याला दाखवू लागले आहेत. त्यांना उत्तर देण्यापूर्वी मूळ संशोधन काय आहे, हे पाहणे उचित ठरेल.

या लहरी सूक्ष्मलहरी व अवरक्त किरण यांच्या मधल्या पट्ट्यात येतात. १ टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १ लाख कोटी कंपने. ही संख्या प्रचंड भासली, तरी रेणूंच्या जगात ती संथच होय. घट्ट जोडलेल्या दोन अणूंचे कंपन याहून पुष्कळ जलद असते. हायड्रोजन-बंध मात्र दुर्बल, आणि त्यांनी जोडलेले भाग जड. म्हणून त्यांची सामुदायिक हालचाल या पट्ट्यात सापडते. ('स्पंदन' शब्द दिसताच त्याचे नाते नाडीशी जोडण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकासही तो झाला होता.)

२००२ मध्ये फिशर, वाल्थर व येप्सेन यांनी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे डीएनएचे घटक असलेल्या अ‍ॅडेनिन, ग्वानिन, सायटोसिन व थायमिन यांतून टेराहर्ट्झ लहरींचे अत्यल्पकालीन ठोके पाठविले, आणि ते किती क्षीण झाले व किती मागे पडले याची नोंद केली. प्रत्येक घटकाची खूण निराळी आढळली. परंतु नमुने स्फटिकरूप, कोरडे होते. आणि त्या खुणा मुख्यतः शेजारच्या रेणूंमधील हायड्रोजन-बंधांच्या, असाच त्यांचा निष्कर्ष होता. पेशीतील डीएनएच्या त्या नव्हेत.

कोरडेपणाची ही अट पाण्यामुळे येते. पाणी या लहरी अतिशय शोषते. १ टेराहर्ट्झला मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागातच त्यांची तीव्रता एक-तृतीयांशावर येते. मग त्वचेवर फिरविलेल्या कांडीची लहर यकृतापर्यंत पोहोचणार कशी?

२०१६ मध्ये ग्लासगो येथील संशोधकांनी द्रावणातील डीएनएमध्ये अशी स्पंदने टिपली खरी, पण वेगळ्या लेसर पद्धतीने. आणि ते निरीक्षण होते, उपचार नव्हे. या क्षेत्राच्या प्रभावाने डीएनएचे धागे जागोजागी विलग होऊ शकतील, असे २०१० मध्ये अलेक्सांद्रोव्ह व सहकाऱ्यांनी मांडले, तेही गणिती प्रतिमानावरून. तसे घडत असेल, तर ती निर्धास्त होण्याची बाब नाही, हे विक्रेते सांगत नाहीत.

औषधनिर्मात्यांना या तंत्रात रस वाटावा तो निराळ्या कारणाने. रॅनिटिडिन हायड्रोक्लोराइडची दोन स्फटिकरूपे या लहरींनी वेगळी ओळखता येतात, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. तेथेही द्रव्य कोरडेच होते.