मिठी नदीचा पूर आणि संक्षुब्ध प्रवाहाचे गणित

26 जुलै 2005 च्या सकाळपासून 24 तासांत सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्यास त्याच अवधीत सुमारे 74 मिलिमीटर. विहार व पवई तलावांच्या सांडव्यांपासून निघून मरोळ, साकीनाका, कुर्ला या भागांतून माहीमच्या खाडीस मिळणारी मिठी नदी त्या दिवशी पात्राबाहेर गेली आणि तीरावरील वस्त्या पाण्याखाली बुडाल्या. असा पूर कोठवर चढेल, हे संगणकाने आगाऊ सांगता येईल काय?

प्रवाहाची मूळ समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात आहेत. अडचण आहे ती संक्षोभाची. 1883 मध्ये रेनल्ड्स यांनी काचनळीतील पाण्यात रंगाची धार सोडून असे दाखविले की, वेग व व्यास यांच्या गुणाकारास श्यानतेने भागून येणारा अंक एका मर्यादेपलीकडे गेला म्हणजे ती धार मोडून भोवऱ्यांत विखुरते. नळीत ही मर्यादा साधारणपणे काही हजारांची असते. व्यासाऐवजी खोली घेतल्यास 3 मीटर खोल व सेकंदास 2 मीटर वेगाच्या पुरात हा अंक 60 लाखांहून अधिक भरतो. अशा पुरातील सर्वांत लहान भोवरे मिलिमीटरहूनही सूक्ष्म असतात. एकेका मिलिमीटरवर बिंदू मांडले तरी एका घनमीटर पाण्यास 100 कोटी बिंदू लागतील. सबंध नदीची गणना या रीतीने होणे नाही.

म्हणून सरासरीचा आश्रय घ्यावा लागतो. परंतु सरासरी घेताच समीकरणांत नवी अज्ञाते शिरतात व त्यांची पूर्ती गृहीतकाने करावी लागते. पुराच्या प्रचलित प्रतिमानांत संक्षोभाचा बहुतेक रोध मॅनिंगच्या सूत्रातील एकाच खडबडीतपणाच्या गुणांकात सामावलेला असतो. हा गुणांक 0.03 ऐवजी 0.06 धरल्यास, त्याच खोलीस व उतारास प्रवाह निम्मा ठरतो. उलटपक्षी, तेवढेच पाणी वाहून नेण्यास रुंद पात्रात सुमारे दीडपट खोली लागते. 3 मीटरच्या जागी साडेचार. तीरावरील घर कोरडे राहील की बुडेल, हे येथे ठरते.

मिठीच्या पात्रात गाळ, कचरा, पुलांचे खांब व बांधीव भिंती असल्याने हा गुणांक जागोजाग बदलतो. भरतीच्या वेळी मुखाकडील पाण्याचा उतारही घटतो. एकाच पुराच्या नोंदीशी गुणांक जुळवून घेतल्यास गाळाची व भरतीची चूक त्यातच दडून राहते. मग त्या पुराशी उत्तर जुळते, पण पुढील पुराशी जुळेलच असे नाही. यास्तव वेगवेगळ्या पुरांत पाण्याची उंची व वेग यांचे प्रत्यक्ष मापन, आणि दर पावसाळ्यापूर्वी पात्राचे नवे काटछेद, हाच प्रतिमानाचा खरा आधार होय.