बोट हळू चालवली की डिझेल किती वाचते?

पैनगंगेच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्या कुटुंबांचा मोटारबोटीशी संबंध सहलीपुरताच येतो. बासरला सरस्वतीचे दर्शन झाले की गोदावरीत फेरी, कडेमच्या जलाशयावर रविवार, नाहीतर मुंबईला गेटवेवरून घारापुरीची लाँच. बोट जितकी हळू, तितके डिझेल कमी, असे आपण धरून चालतो. ते एका मर्यादेपर्यंतच खरे आहे.

आम्ही बँकेत नोकरी केलेली मंडळी हिशोब दोन रकान्यांत मांडतो: स्थिर खर्च आणि बदलता खर्च. बोटीलाही तोच नियम लावून पाहू.

इंजिन नुसते सुरू ठेवायला ताशी जे इंधन लागते, तो स्थिर खर्च. बोट जागची हलली नाही तरी तो होतोच. पाणी कापत पुढे जायला लागते तो बदलता खर्च, आणि तो फार झपाट्याने वाढतो. साध्या होडीच्या आकाराच्या बोटीचा वेग दुप्पट करायचा तर ताकद सुमारे आठपट लागते. वेळ निम्मा लागतो, म्हणून तेवढ्याच अंतराला इंधन चौपट.

समजा, इंजिन नुसते चालू ठेवायला ताशी 1 लिटर लागते आणि ताशी 10 किमी वेगाला त्यावर आणखी 4 लिटर. (आकडे केवळ उदाहरणासाठी.) मग 10 किमीच्या फेरीला असे डिझेल लागेल:

ताशी 2 किमी – 5.2 लिटर
ताशी 5 किमी – 3 लिटर
ताशी 8 किमी – 3.8 लिटर
ताशी 10 किमी – 5 लिटर
ताशी 12 किमी – 6.6 लिटर

म्हणजे अगदी रेंगाळत जाणे आणि ताशी 10 किमीने जाणे, दोन्ही जवळपास सारखेच महाग. फायदा मधल्या संथ वेगात आहे.

वेगाला वरची मर्यादाही असते. पाण्याला टेकलेली लांबी 25 फूट असेल, तर साधारण ताशी 12 किमीनंतर बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते. मग नावाड्याने कितीही रेस दिली तरी वेग फारसा वाढत नाही, डिझेल मात्र जाते. पाण्यावर उचलली जाणारी स्पीडबोट वेगळी. तिचे नाक वर आणि मागचा भाग बुडालेला, अशा अर्धवट वेगात ती सर्वांत जास्त पिते.

नदीत प्रवाहही हिशोबात धरावा लागतो. समोरून ताशी 3 किमी प्रवाह असेल आणि आपली वरचीच बोट पाण्यात ताशी 5 किमीने चालवली, तर ती प्रत्यक्षात ताशी 2 किमीच पुढे सरकते. 10 किमीला पाच तास आणि 7.5 लिटर. ताशी 7 किमीने चालवली तर अडीच तास आणि सुमारे 6 लिटर. म्हणून प्रवाहाविरुद्ध थोडा वेग वाढवणे स्वस्त पडते आणि प्रवाहाबरोबर येताना कमी करणे.

खरी गळती होते ती काठावर. प्रवासी जमेपर्यंत इंजिन न्यूट्रलवर चालू राहते. आपल्या उदाहरणात रोज दोन तास, महिन्याचे 25 दिवस धरले तर 50 लिटर झाले, आणि अंतर शून्य. बोटीच्या कर्जाच्या कागदांत हप्ता दिसतो, हे 50 लिटर दिसत नाहीत. डिझेल वजा जाता जे उरते त्यावरच नावाड्याचे घर चालते. शिवाय तासन्‌तास रिकामे चालणारे डिझेल इंजिन पुरेसे तापत नाही, इंधन पुरते जळत नाही आणि आत काजळी धरते. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाचे प्लग अशाने काळे पडतात.

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बोटीला ब्रेक नसतो. दोर बांधलेला नसताना, किंवा माणसे चढत-उतरत असताना वळवण्यापुरते इंजिन हाताशी हवेच. ते केव्हा बंद करायचे हे नावाड्याने ठरवावे. आपण एवढे करू शकतो: सगळे कुटुंब वेळेवर काठावर आणायचे, आणि "जरा जोरात घ्या" असा आग्रह धरायचा नाही. बोट उभी असताना धूर मागच्या बाजूला साचतो आणि त्यात वास नसलेला विषारी वायू असतो, म्हणून लहान मुलांना इंजिनाजवळ बसवू नये. आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणीही बोटीत पाय ठेवू नये.