धनुर्धर आणि खड्गधर

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ सालीं अमेरिकेंत निघालेला, मेजाभोंवतीं बसून खेळावयाचा कल्पित वीरकथांचा खेळ. त्याच्या २०१४ च्या नियमांत लांब धनुष्य व एका हातीं धरलेली लांब तरवार या दोहोंचा घाव आठ पैलूंच्या एकाच फांशानें मोजतात. मात्र बाण १५० फूट विनासायास जातो. वीर आपल्या पाळीला सामान्यतः ३० फूटच चालतो. मग तरवार कोण घेणार? म्हणून धनुष्यास बंधनें आहेत : ढाल धरतां येत नाहीं, वापरलेल्या बाणांपैकीं निम्मेच परत मिळतात, १५० फुटांपलीकडे, किंवा शत्रु ५ फुटांवर भिडला असतां, नेमाचा फांसा दोनदां टाकून लहान आंकडा धरावा लागतो. खेळ चालविणाऱ्या सूत्रधारानें हीं बंधनें ढिलीं सोडलीं, कीं धनुर्धर एकटाच लढतो आणि खड्गधर मित्र नुसता प्रेक्षक होऊन बसतो.