पान कोठें संपावें?

मजकूर वाचतांना वाचकाचें लक्ष शब्दांकडे असतें, पानाकडे नसतें. आणि तें तसें नसावें हेंच पानाच्या मांडणीचें यश होय. परंतु पान भलत्याच ठिकाणीं संपलें, तर डोळ्यांचा विरस होऊन भागत नाहीं. प्रसंगीं अर्थाचा, आणि क्वचित् हक्काचाहि प्रश्न उभा राहतो.

एखाद्या गृहस्थानें आपलें मृत्युपत्र घरच्या संगणकावर लिहिलें, अशी कल्पना करावी. मजकूर तिसऱ्या पानाच्या तळाशीं संपला. सहीची जागा, तारीख व साक्षीदारांचीं नांवें तेवढीं चौथ्या पानावर गेलीं. त्या पानावर मृत्युपत्राचा एकहि शब्द नाहीं. १९२५ सालच्या भारतीय वारसा कायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणें, सही अशा जागीं असावी लागते कीं, तिच्या योगें तो लेख मृत्युपत्र म्हणून अंमलांत यावा असा हेतु दिसून यावा; शिवाय निदान दोन साक्षीदार लागतात. आतां, नुसत्या सह्यांचें हें सुटें पान दुसऱ्याच कोणत्या तरी तीन पानांस जोडलें गेलें नाहीं कशावरून, अशी शंका एखाद्या नाराज वारसानें काढली, तर तिचें निरसन करण्यास सही करणारा त्या वेळीं हयात नसतो. म्हणून प्रत्येक पानावर सही असावी आणि शेवटच्या कलमाच्या निदान दोन ओळी अखेरच्या सहीच्या पानावर याव्या, अशी खबरदारी जाणते लोक घेतात.

ती कशी घ्यावी? बहुतेक लोक एंटरची कळ चारपांच वेळां दाबून, कोऱ्या ओळी घालून, शेवटचें कलम पुढच्या पानावर ढकलतात. पडद्यावर काम साधल्यासारखें दिसतें; पण हा उपाय टिकाऊ नाहीं, आणि तो कां टिकत नाहीं हें समजण्यासाठीं छापखान्याची जुनी रीत आठवावी लागेल.

खिळे जुळवून छपाई होई, त्या काळीं पान ही एक जड वस्तु होती. जुळाऱ्यानें ओळी रचल्या, मध्यें शिशाच्या पट्ट्या घातल्या आणि पान दोरीनें बांधलें, कीं तें हलत नसे. संगणकावरील पान मात्र वस्तु नसून हिशेब आहे. मजकूर ही एक लांबच लांब पट्टी असून, कागदाची उंची, समास, अक्षरांचें वळण व ओळींतील अंतर पाहून यंत्र ती पट्टी पानापानांत कापीत असतें; आणि एक शब्द बदलला तरी तो हिशेब पुन्हां मांडतें. पहिल्या पानावर एक ओळ वाढली, कीं हातानें घातलेल्या कोऱ्या ओळी सरकून पुढच्या पानाच्या मध्यावर खिंडार पडतें. तोच मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला व तेथें तें अक्षरवळण नसलें, तर यंत्र दुसरें वळण वापरतें. देवनागरींत वर वेलांट्या व खालीं उकार असल्यामुळें वळणागणिक ओळीची उंची बरीच बदलते. कागदाचेंहि तसेंच. आपल्याकडील ए-४ कागद २९७ मिलिमीटर उंच, तर अमेरिकेंतील ‘लेटर’ कागद सुमारें २७९. या १८ मिलिमीटरांत साधारण तीन ओळी जातात. तात्पर्य, जेथें जमीनच सरकती आहे, तेथें खुंटी ठोकून उपयोग नाहीं.

खरा उपाय निराळा आहे. परिच्छेदानें कोठें बसावें हें न सांगतां, त्यानें कोणाला सोडूं नये हें यंत्रास सांगावयाचें. ‘वर्ड’ या लेखनप्रणालींत परिच्छेदाच्या चौकटींतील ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’ या विभागांत, आणि ‘लिबरऑफिस रायटर’मध्यें ‘टेक्स्ट फ्लो’ या विभागांत, ही सोय केलेली आहे. तेथील आज्ञा मुख्यतः चार.

पहिली एकाकी ओळींविषयींची. परिच्छेदाची पहिलीच ओळ पानाच्या तळाशीं एकटी राहिली, तर इंग्रजी मुद्रक तिला ‘ऑर्फन’ म्हणजे अनाथ म्हणतात. शेवटची ओळ पुढील पानाच्या माथ्यावर एकटी गेली, तर ती ‘विडो’ म्हणजे विधवा. ही आज्ञा चालूं असली, म्हणजे दोन्ही बाजूंस निदान दोन ओळी एकत्र राहतात. ‘वर्ड’मध्यें ती मुळांतच चालूं असते, ‘रायटर’मध्यें ओळींची संख्या वाढवितांहि येते. हिचा हिशेब मोठा गमतीचा आहे. चार ओळींचा परिच्छेद दोन व दोन असाच फुटूं शकतो. तीन ओळींचा मुळींच फुटूं शकत नाहीं, कारण कसाहि तोडला तरी एक ओळ एकटी पडते. तो सबंधच पुढें जातो आणि मागील पानाच्या तळाशीं थोडी जागा कोरी राहते. पुष्कळांस हा यंत्राचा दोष वाटतो. वास्तविक तो त्याचा आज्ञाधारकपणा होय.

दुसरी आज्ञा परिच्छेद अखंड ठेवण्याची. पत्ता, श्लोक, औषध देण्याची सूचना अशा मजकुराचे दोन तुकडे होऊं नयेत म्हणून ती योजावी. ‘हें औषध द्यावें’ एवढें एका पानावर आणि ‘परंतु उपाशीं पोटीं देऊं नये’ हें दुसऱ्यावर गेलें, तर काय अनर्थ होईल हें सांगावयास नको.

तिसरी आज्ञा सर्वांत उपयोगी. ‘कीप विथ नेक्स्ट’ म्हणजे पुढील परिच्छेदाची सोबत न सोडणें. मथळा तळाशीं आणि त्याखालचा मजकूर दुसऱ्या पानावर, ही चूक तिनें टळते. मथळ्यास नुसतें ठळक न करतां प्रणालींतील ‘हेडिंग’ ही शैली दिली, तर ‘वर्ड’मध्यें ही आज्ञा आपोआप लागूं होते. चौथी आज्ञा, परिच्छेद नव्या पानावर आरंभ करण्याची. ती नव्या प्रकरणासाठीं.

आतां मृत्युपत्राकडे वळूं या. त्याच्या शेवटच्या कलमास, तारखेच्या ओळीस, सहीच्या ओळीस आणि पहिल्या साक्षीदाराच्या ओळीस ‘कीप विथ नेक्स्ट’ ही आज्ञा द्यावी. प्रत्येकानें पुढच्याचा हात धरला, कीं सांखळी तयार होते. शेवटच्या साक्षीदारास मात्र ती देऊं नये. त्याच्यापुढें धरावयास कोणी नसतो. शेवटचें कलम लहान असल्यास त्यास अखंड राहण्याचीहि आज्ञा द्यावी. मग मजकुरांत शंभर फेरफार झाले, तरी कलम आणि सह्या एकत्रच राहतील.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. सोबत सोडूं नये ही आज्ञा सर्वच परिच्छेदांस देण्याचा मोह होतो. परंतु सांखळी एका पानाहून लांब झाली, म्हणजे ती पाळणें यंत्रास अशक्य होतें. तें वाटेल तेथें पान तोडतें आणि खरी जोडी निराधार राहते. जेथें सर्वच बंधनें, तेथें बंधन एकहि नाहीं.

आणि बंधनें परस्परांस छेदूं लागलीं, म्हणजे तोडगा काढणें थोरामोठ्यांसहि कठीण जातें. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डोनाल्ड नुथ यांनीं १९७७ सालीं ‘टेक्’ ही अक्षरजुळणीची प्रणाली रचावयास घेतली. तींत एकाकी ओळीस सरसकट बंदी नाहीं, तर दंड आहे. नेहमींच्या योजनेंत तो १५० असतो. १०,००० केला म्हणजे ती बंदीच होते. यंत्र दंडांची तुलना करून त्यांतल्या त्यांत बरी जागा निवडतें. त्यांचेच शिष्य मायकेल प्लास यांनीं १९८१ सालच्या प्रबंधांत दाखविलें कीं, आकृत्यांसह संपूर्ण ग्रंथाची सर्वोत्तम पृष्ठविभागणी शोधणें हें, कांहीं निकष घेतल्यास, संगणकासहि अत्यंत दुर्घट अशा गणितांपैकीं आहे. तेव्हां तीन पानांच्या लेखांत यंत्र क्वचित् अडखळलें, तर नवल नाहीं.

म्हणून शेवटची पाहणी माणसानेंच करावी. कागदाचें माप आधीं ठरवावें, मजकूर पुरा करावा, आज्ञा द्याव्या, आणि दुसऱ्याकडे पाठवावयाचा लेख पीडीएफ करून पाठवावा, म्हणजे पानें पुन्हां सरकत नाहींत. नंतर छापलेलें प्रत्येक पान इतरांपासून वेगळें हातांत धरून वाचावें. हें पान एकटें सांपडलें तर तें कशाचें आहे तें कळेल काय, आणि अर्धवट वाचून कोणी चुकीचा अर्थ घेईल काय, हे दोन प्रश्न विचारावे. सहीच्या पानाविषयीं त्यांचीं उत्तरें समाधानकारक आलीं, म्हणजे मगच लेखणी उचलावी.