ऑईल प्रेशर कमी दाखवतंय? आधी मोजा, मग इंजिन खोला

दगडधोंड्यांची चढण संपवून जुनी जीप माथ्यावर थांबते. इंजिन तापलेलं असतं, प्रेशरचा काटा तळाशी झुकलेला असतो आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी भीतीपोटी चांगली इंजिनं खोलली जातात. उलट खरोखर आजारी असलेलं इंजिन घट्ट ऑईलवर रेटलं जातं. दोन्ही चुका टाळता येतात. उदाहरणासाठी 1987 ते 2006 या काळातलं जीप चेरोकी आणि रँगलरचं 4.0 लिटर, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन घेऊ.

गैरसमज 1 : काटा खाली आला म्हणजे इंजिन संपलं.

वस्तुस्थिती : काटा प्रेशर स्वतः मोजत नाही, इंजिनाला लावलेला सेंडर जे कळवतो तेच तो दाखवतो. उष्णता, हादरे आणि चिखल सोसून सेंडर बिघडतो, त्याची वायर सैल होते किंवा कनेक्टरमध्ये ऑईल झिरपतं. म्हणून पहिल्यांदा ऑईलची पातळी पाहा आणि वायर तपासा. मग सेंडर काढून त्याच जागी मेकॅनिकल गेज बसवा. इंजिन पूर्ण तापू द्या. आयडलिंगला एक आणि 2000 आरपीएमला एक, अशी दोन रीडिंग लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक निर्णय या दोन आकड्यांवर घ्यायचा.

गैरसमज 2 : तापल्यावर आयडलिंगला प्रेशर पडणं हा बिघाडच.

वस्तुस्थिती : तापलेलं ऑईल पातळ होतं आणि कमी फेऱ्यांत पंपही कमी ऑईल ढकलतो, त्यामुळे प्रेशर उतरणारच. या 4.0 इंजिनासाठी कंपनीने 600 आरपीएमला किमान 13 पीएसआय आणि 1600 आरपीएमच्या वर 37 ते 75 पीएसआय असे आकडे दिले आहेत. म्हणजे तापलेल्या इंजिनाचं आयडलिंगचं 15 हे रीडिंग मर्यादेत बसतं. मात्र सह्याद्रीतल्या जुन्या डिझेल जीपला हे आकडे लावू नका. तिच्या इंजिनाचं स्वतःचं मॅन्युअल पाहा.

गैरसमज 3 : प्रेशर पंप तयार करतो, म्हणून पंप बदला.

वस्तुस्थिती : पंप फक्त ऑईल ढकलतो. बेअरिंगच्या बारीक फटींतून जाताना त्या ऑईलला अडथळा होतो आणि त्यातून प्रेशर तयार होतं. या इंजिनाच्या मेन बेअरिंगची फट साधारण 0.025 ते 0.064 मिलिमीटर असते. बेअरिंग झिजून ती वाढली की नवा पंपही फार काही करू शकत नाही. आयडलिंगला प्रेशर कमी पण रेस दिल्यावर नीट, असं असेल तर झीज किंवा पातळ झालेलं ऑईल यांचा संशय घ्या. सगळ्याच वेगांवर कमी असेल, तर उघडा अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह, चेंबरमधली तुंबलेली जाळी किंवा पंप तपासा. जुना फिल्टर कापून आतला कागद उलगडून पाहा. त्यात धातूचे चकाकणारे कण दिसले, तर बेअरिंग झिजत असल्याची शक्यता मोठी.

गैरसमज 4 : घट्ट ऑईल टाकलं की काम झालं.

वस्तुस्थिती : काटा वर जाईल, पण वाढलेली फट तशीच राहील. या इंजिनासाठी सामान्यतः 10W-30 सांगितलं जातं. त्याऐवजी 20W-50 टाकलं तर थंडीत सुरू करताना ऑईल सगळीकडे पोहोचायला जास्त वेळ घेतं आणि तेवढा वेळ वरचे भाग कोरडे घासतात. शिवाय दुखणं झाकलं जातं, म्हणून निदान होईपर्यंत ठरवून दिलेलंच ऑईल ठेवा.

गैरसमज 5 : डीपस्टिकवर पातळी ठीक, म्हणजे सगळं ठीक.

वस्तुस्थिती : गळक्या इंजेक्टरमधलं पेट्रोल चेंबरमध्ये उतरलं तर पातळी वाढते आणि ऑईल पातळ होतं. डीपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा ऑईल दुधाळ दिसलं (म्हणजे कूलंट मिसळलं), तर आधी ती गळती शोधा. गरजेपेक्षा जास्त ऑईलही वाईट, कारण क्रँक त्यात फिरून फेस करतो. उलट पातळी थोडी कमी असेल, तर तीव्र चढावर ऑईल एका बाजूला सरतं आणि पंपाच्या नळीत हवा शिरते. सपाटीवर स्थिर राहणारा काटा फक्त चढावर हेलकावत असेल, तर हे कारण पहिल्यांदा तपासा.

गैरसमज 6 : लाल दिवा लागला तरी हळूहळू गॅरेजपर्यंत जाता येतं.

वस्तुस्थिती : प्रेशरचा दिवा बहुतेक गाड्यांत साधारण 4 ते 7 पीएसआयच्या खाली लागतो, म्हणजे धोक्याची रेषा ओलांडल्यावर. दिवा लागला नाही म्हणून प्रेशर पुरेसं आहे असंही समजू नये. दिव्याबरोबर खालून ठोकल्यासारखा आवाज आला, तर त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि गाडी ओढून न्या. कोरडी झालेली बेअरिंग काही मिनिटांत क्रँक खराब करते.

गाडी नीट चालत असतानाच तापलेल्या इंजिनाची ही दोन रीडिंग वहीत तारखेसह लिहून ठेवा. दोन वर्षांनी काटा झुकला, तर ते रोजचंच आहे की नवं दुखणं, हे त्या वहीत दिसेल.