पेट फूडचा धंदा सुरू करताय? आधी ताटातला फरक ओळखा

पेट फूडचं दुकान किंवा घरगुती डब्यांचा व्यवसाय डोक्यात आहे? मग मार्जिनचा हिशोब मांडण्याआधी एक गोष्ट पक्की करा: कुत्र्याच्या खाण्यावर मांजर जगवता येत नाही.

मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन हा घटक त्याला अन्नातूनच मिळावा लागतो. तो मांस-मासळीत असतो, डाळ-भातात नाही. कमी पडला की डोळे आणि हृदय बिघडतं. १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हे हृदयविकाराचं कारण दाखवलं, तेव्हा कंपन्यांनी कॅट फूडमधलं टॉरिन वाढवलं.

कुत्रा भात, अंडं, चिकन सगळं पचवतो. पण कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट दोघांनाही घातक. म्हणजे आपला फोडणीचा रस्सा डब्यात नकोच!

गिऱ्हाईक आलं की आधी विचारा: प्राणी कोणता, वय-वजन किती, काही आजार? पाकिटावर ‘कम्प्लीट’ लिहिलंय की ती नुसती ‘ट्रीट’ आहे, हे वाचून दाखवा. डबा विकणार असाल तर पाककृती पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. प्राणी आजारी असेल तर सरळ डॉक्टरकडे पाठवा. त्या दिवशीची विक्री जाईल, जाऊ दे. विश्वास बसलेलं गिऱ्हाईक दर महिन्याला तुमच्याच दारात येतं.