खेळातील सोबत

१९४३ साली बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचे वर्णन केले. अशी मुले एकटी खेळताना दिसतात, म्हणून त्यांना सोबत नकोच असते, असा समज पुढे रूढ झाला. तो सर्वस्वी खरा नाही. पुष्कळदा मुलाला सोबत हवी असते. ती कशी साधावी हे त्याला उमगत नाही.

१९३२ साली मिल्ड्रेड पार्टन यांनी बालकांच्या खेळाचे टप्पे सांगितले. एकट्याने खेळणे, दुसऱ्यांचा खेळ पाहणे, शेजारी बसून आपापले खेळणे आणि अखेर मिळून खेळणे हे त्यांतील काही होत. मूल ज्या टप्प्यावर असेल तेथूनच मदतीस आरंभ करावा. ते खेळण्यातील मोटारीचे चाक फिरवीत बसले असेल, तर मोठ्या माणसाने दुसरी मोटार घेऊन शेजारी बसावे व तसेच चाक फिरवावे. मुलाने पाहिले की थांबावे आणि त्याच्या प्रतिसादाची वाट पाहावी. पुढे चेंडू एकमेकांकडे घरंगळत सोडताना ‘आता तुझी पाळी’, ‘आता माझी पाळी’ एवढेच म्हणावे. हे साधल्यावर एकच समवयस्क सोबती आणावा व त्यालाही वाट पाहण्यास शिकवावे. नजरेला नजर देण्याची सक्ती करू नये. मूल गोंगाटाने त्रासले, तर खेळ तेथेच थांबवावा. म्हणजे दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खेळावयास येईल.